एक वाडा, चार पत्ते

नागपूरच्या महाल भागातील एखाद्या जुन्या वाड्यात १९३० साली जन्मलेल्या मुलाची कल्पना करावी. त्याने तो वाडा कधी सोडला नाही. तथापि घरी येणाऱ्या पत्रांवरील पत्ता मात्र पुन्हा पुन्हा बदलत गेला. वाडा जागचा हलला नाही, जवळून वाहणारी नाग नदीही हलली नाही. प्रदेशाचे नाव तेवढे पालटले.

त्याच्या पूर्वजांच्या काळी येथे भोसल्यांचे राज्य होते. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी ते राज्य खालसा केले. पुढे १८६१ साली त्यांनी नागपूरचा मुलूख व उत्तरेकडील सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून 'मध्यप्रांत' बनविला. हे नाव कारभाराच्या सोयीचे होते. प्रांत कोठे आहे, एवढेच त्यावरून कळे; तेथील माणसे कोण, त्यांची बोली कोणती, हे कळत नसे.

मुलाने शाळेत 'मध्यप्रांत व वऱ्हाड' हे नाव गिरविले. देश स्वतंत्र झाला आणि १९५० साली तेच राज्य 'मध्यप्रदेश' झाले. नागपूर त्याची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली, तेव्हा विदर्भ मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी 'महाराष्ट्र' राज्य जन्मास आले. तीस वर्षांत चार नावे झाली! आपल्या भाषेचे राज्य लाभल्याचा अनेकांना आनंद झाला. परंतु राजधानीचा मान गेल्याची हळहळही नागपुरास वाटली. विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरवावे, असे १९५३ च्या नागपूर करारात ठरले होते, ते या शहराचे महत्त्व राखण्यासाठीच.

जगातही असेच घडले आहे. आफ्रिकेतील सोन्याच्या व्यापारासाठी आलेल्या परकीयांनी एका किनाऱ्यास 'गोल्ड कोस्ट' म्हटले. १९५७ साली स्वतंत्र होताच तेथील लोकांनी एका प्राचीन आफ्रिकी राज्याची आठवण ठेवून 'घाना' हे नाव घेतले. १९७२ साली सिलोनचे 'श्रीलंका' झाले.

परक्याने दिलेल्या नावात त्याची सोय असते; स्वतः घेतलेल्या नावात आपली ओळख असते. मात्र नाव बदलल्याने काम संपत नाही. त्या नावाखाली राहणाऱ्या प्रत्येकास ते आपले वाटावे, यासाठी पुढे पिढ्यान्‌पिढ्या झटावे लागते.