मन नसतानाच्या पाच ओळी

मोडी शिकण्यातले पहिले दिवस फार गोड असतात. बाराखडी गिरवायची, आपलं नाव लिहून बघायचं, मग घरातल्या सगळ्यांची. वर्ग संपला की प्रमाणपत्र आणि सामूहिक फोटो. त्यानंतर खरा जुना कागद समोर येतो आणि उत्साह जागच्या जागी बसतो.

मोडीत रेघ आधी ओढून ठेवतात आणि शक्यतो हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही. शिवाय प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "अक्षरं आठवड्यात येतील, वाचायला वर्षं लागतील." ते बाकीच्यांसाठी असावं, असं आम्हा प्रत्येकाला वाटलं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त सुप्रभात उरलं होतं.

मी बँकेतून निवृत्त झाले होते आणि वाईच्या आमच्या सासरच्या घरात निघालेलं एक बाड माझ्याकडे आलं होतं. बहुतेक सावकारी हिशेब. ते वाचावं असं रोज वाटायचं आणि रोज राहून जायचं. शेवटी ठरवलं: सकाळी दुसऱ्या चहानंतर, पेपर उघडण्याआधी, पाच ओळी. अक्षर लागलं नाही तर तिथे टिंबं द्यायची आणि पुढे जायचं. पाच झाल्या की थांबायचं, अगदी रंगात आले तरी. ही थांबायची अट पाळणंच जड गेलं. पण वाक्य अर्धवट राहिलं की दुसऱ्या दिवशी तेच हाक मारतं.

तरी काही दिवस असे येतात की वही उघडायचीही इच्छा नसते. त्या दिवसांसाठी मी सोपे कागद वेगळे काढून ठेवले. हिशेबात तीच नावं, तेच आकडे पुन्हा येतात. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. वर्गात मिळालेल्या पत्रांच्या झेरॉक्सही कामी आल्या. पत्रांचे मायने ठरलेले, क्षेमकुशल ठरलेलं, ते डोळे आपोआप वाचतात. अगदीच कंटाळा असला तर नुसता सुहूर सन, म्हणजे कागदावर अरबी शब्दांत लिहिलेलं साल, सोडवायचा. इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. १७६०-६१. पानिपतचं साल! असं काही हाती लागलं की पाचाच्या सहा ओळी करायचा मोह होतोच.

मुलीच्या बाळंतपणात कित्येक आठवडे वही बंद राहिली. परतल्यावर नवरा म्हणाला, "आता रोज दहा ओळी कर, भरून निघेल." जन्मभर वसुलीच्या याद्या पाहिलेली मी, थकबाकीच्या धास्तीने माणूस शाखेकडे फिरकेनासा होतो, हे मला माहीत होतं. मागचं सगळं माफ केलं आणि पुन्हा पाचच.

या वाटेवर थोरांची उदाहरणं हटकून दिली जातात. गो. स. सरदेसाईंनी बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर, साठी उलटल्यानंतर, पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. मला अशा गोष्टींनी दोन दिवस उभारी येते आणि तिसऱ्या दिवसापासून धाकच वाटतो. माझा आधार त्या बाडातला बिननावाचा कारकून आहे. काही पानांवर त्याचं अक्षर ठसठशीत, काहींवर कोंबडीचे पाय. ताप असेल, मालक ओरडला असेल, किंवा नुसताच वैतागला असेल. मी सवयीने बेरजा ताडून पाहते. वाचता आली त्या पानांत, वेड्यावाकड्या अक्षरांच्या दिवशीही, त्याची बेरीज चुकलेली नाही.

बाड निम्मंही झालेलं नाही. सरांकडे अधूनमधून जाते, ते राहिलेली टिंबं भरून घ्यायला. टिंबं कमी झाली आहेत असं माझं मत आहे. सर अजून तसं म्हणालेले नाहीत.