गुरुवारची सुट्टी

गुरुवार म्हटलं की पुणेकराला महापालिकेचं बंद पाणी आठवतं आणि भोसरी-पिंपरीकडच्या माणसाला सुट्टी. विजेचा सगळा ताण एकाच दिवशी पडू नये म्हणून कारखानदारीच्या पट्ट्यांना सुट्टीचे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. मी तिथल्याच एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. नवऱ्याला शनिवार-रविवार, मुलीच्या शाळेला रविवार. तिघं एकाच दिवशी मोकळे, असं सणावाराशिवाय घडतच नाही. ‘कसं गं व्हायचं तुमच्या सहलीचं?’ असं सासूबाई हळहळून म्हणायच्या आणि मीही हळहळायचे. मग तो गुरुवार दळण, बँक आणि आदल्या रात्री भरून ठेवलेली पिंपं पुरवण्यात संपायचा.

आपल्याकडे फिरणं म्हणजे मोठं फिरणं. जानेवारीत नवं कालनिर्णय भिंतीवर लागतं आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांची टिपणं सुरू होतात. सगळ्यांचं कॅलेंडर एकच, त्यामुळे सगळे निघतातही एकाच संध्याकाळी, आणि खंडाळ्याच्या घाटात गाड्या उभ्या त्या उभ्याच. नाहीतर मग केरळ, राजस्थान, आणि हल्ली व्हिएतनाम. आठ दिवसांच्या खाली काही केलं तर ते फिरण्यात जमा धरत नाहीत. आठ दिवस मिळत नाहीत, म्हणून फिरणं होत नाही. असा हा हिशेब.

रजेचं म्हणाल तर ती असते. 1948 च्या कारखाने कायद्यानं वर्षात 240 दिवस भरले की दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा, असं माप घालून दिलं होतं. पण त्या पीएलचं पुढे काय होतं ते माझ्या टेबलावरून दिसतं. साठवायची, साठवायची आणि विकायची. घराचा हप्ता, मुलाची फी, गावाकडचं छप्पर. कारणं खरी असतात, त्यावर बोलायचा मला अधिकार नाही. मात्र अडचण काहीच नसताना निव्वळ शिल्लक दिसावी म्हणून रजा न घेणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांना त्याचा अभिमान असतो. तो मला कधीच कळलेला नाही.

ज्यांना रजा मागावीच लागत नाही, त्यांचं वेगळं. दि. बा. मोकाशी पुण्यात रेडिओ दुरुस्ती करून लेखन करत. 1961 साली, म्हणजे पानशेतचं धरण फुटलं त्याच वर्षी, ते ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालले आणि त्यातून ‘पालखी’ हे पुस्तक झालं. दुकान आपलं असलं की फळ्या लावून निघता येतं. शिफ्टवाल्याला ती सोय नाही, म्हणून पुण्यातला नोकरदार वारी तुकड्यानं करतो. कुणी आळंदी ते पुणे चालतो, कुणी दिवे घाट चढून पुणे ते सासवड हा तीसेक किलोमीटरचा टप्पा करतो, रात्री परततो आणि सकाळी पंचिंग करतो. आयटीतल्या लोकांची दिंडीसुद्धा याच टप्प्यांवर दिसते. एवढ्याला वारी म्हणावं का, असं नाक मुरडणारे आहेत. आमच्या स्टोअर्समधले एक काका दरवर्षी फक्त सासवडपर्यंत जातात. मी त्यांना तेच विचारलं, तर म्हणाले, ‘ताई, चाललेलं तर पायांना कळतं ना?’

त्यानंतर एका गुरुवारी मी दळण घरीच ठेवलं आणि कासारवाडीला लोणावळ्याची लोकल पकडली. ही लोकल 1978 पासून धावते आहे आणि मी ती फक्त फाटकाशी थांबून पाहिलेली. मळवलीला उतरलं की एका बाजूला भाज्याची लेणी, पायी गाठता येण्याजोगी. दुसरीकडे महामार्गापलीकडे कार्ल्याची. रविवारी तिथे पायऱ्यांवर पाऊल ठेवायला जागा नसते. गुरुवारी चैत्यात माझ्याखेरीज राखणदार आणि पारवे.

पहिल्यांदा मी बघ्यासारखी बघून आले. सव्वाशे फूट लांबीचं दालन, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी कमानी, वगैरे. मग पुन्हा गेले, केवळ गुरुवार होता म्हणून. तेव्हा खांबांवरचे लेख पाहिले. वाचता येत नाहीत, पण त्यांत काय आहे ते पुस्तकात मिळतं: धेनुकाकट गावच्या माणसांनी एकेक खांब दिला आहे. दारासाठी दान देणारा सिंहदत्त हा गंधाचा व्यापारी. दान देणाऱ्यांत यवनही आहेत. अकाउंट्समधल्या बाईला याची मौज वाटणारच. एवढं मोठं काम किरकोळ पावत्यांवर उभं राहिलंय. त्यापुढच्या खेपेला दुपार उलटल्यावर गेले, कारण चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे आणि मोठ्या कमानीतून ऊन तेव्हाच आत येतं. आठ दिवसांच्या सहलीत कार्ल्याला दीड तास मिळाला असता, बहुधा सकाळचा.

‘एकटीच?’ हा प्रश्न अजून येतो. पुरुष एकटा गडावर गेला तर तो छंद. बाई गेली तर घरात काहीतरी बिनसलंय. त्यावर उत्तर देणं मी सोडून दिलंय. मुलीचा डबा आदल्या रात्री अर्धा तयार करून ठेवावा लागतो, तेवढी किंमत मोजते. खरं तर तीही नवऱ्यानं वाटून घ्यायला हरकत नाही, आणि आता तो घेतो.

मध्यंतरी आमच्याकडे सुट्टी रविवारी करावी म्हणून अर्ज फिरला. मागणी रास्त होती. ज्यांची मुलं लहान आहेत त्यांना रविवार हवाच. सगळ्यांच्या सह्या झाल्या, कागद माझ्या टेबलावर आला. मी सही केली नाही.