गंगरेलची बेटं

भाचा पुण्याहून आला तो दोन अवजड पिशव्या घेऊन. त्यांत हवा भरून फुगवायच्या दोन कयाक होत्या, एक एकट्याची, एक दोघांची. सेक्टर २ मधल्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात मोठी फुगवून पाहिली, तर पेरूपासून फाटकापर्यंत जागा राहिली नाही. शेजारणी दारात येऊन उभ्या.

"मावशी, गंगरेल. सकाळी उतरायचं, बेटांमधून फिरून संध्याकाळी परत."

मला पोहता येत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा लाइफ जॅकेट दाखवलं.

गंगरेल म्हणजे धमतरीजवळचं महानदीवरचं धरण, रविशंकर सागर. लोकांसाठी ते सहलीचं ठिकाण; आमच्यासाठी आधी पाणी. भिलाईच्या कारखान्याला तांदुळ्याचं पाणी येतं तसं गंगरेलचंही येतं. बाबा पाण्याच्याच खात्यात होते. उन्हाळ्यात जेवताना धरणाची पातळी सांगायचे, इतर घरांत क्रिकेटचा स्कोअर सांगतात तशी.

भाच्याने उपग्रहाचा नकाशा छापून आणला आणि बेटांना १ ते ७ नंबर दिले. मग मे महिन्यातलं चित्र उघडलं, तर ३ आणि ४ एक झालेले, ६ किनाऱ्याला चिकटलेलं. बेटं म्हणजे बुडालेल्या टेकड्यांचे माथे. पावसाळ्यानंतर ती बेटं असतात. शेतीला, कारखान्याला, गावोगावच्या तळ्यांना निस्तारीसाठी पाणी सोडलं की त्यांतली काही पुन्हा टेकड्या होतात. म्हणून जानेवारी ठरला. मग हिशोब: शांत पाण्यात तासाला चार किलोमीटर, दुपारी समोरून वारा आला तर निम्मेच. साडेपाचनंतर अंधारतं, म्हणजे तीनला परतीच्या वाटेवर हवं. काठालगत बुडालेल्या झाडांचे खुंट असतात, फुगवलेल्या कयाकला ते वाईट. तळ दिसू लागला की हळू. चोवीस किलोमीटरचा बेत चौदावर आला. मला बरं वाटलं.

रविवारी काका आले. बाबांचे खात्यातले सोबती. बाबा गेल्यावरही त्यांचा रविवारचा चहा चुकलेला नाही. चहा घेता घेता त्यांचं लक्ष नकाशाकडे गेलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तोर डोंगा हमर गाँव के ऊपर ले जाही," ते म्हणाले.

ते धरणातल्या एका बुडीत गावचे आहेत, हे मला ऐकून माहीत होतं. १९७८ साली धरण झालं तेव्हा ते बारा वर्षांचे. पण गाव नेमकं कुठे, हे तीस वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या नळाचं पाणी पीत ते समोर बसायचे आणि मी बिस्किटं पुढे करायची.

भाच्याने अंदाजाने एका ठिकाणी बोट ठेवलं. काकांनी मान हलवली आणि पेन्सिल मागितली. ५ नंबर ही गुरं बसायची टेकडी. तिच्या पायथ्याशी नाला, नाल्यापलीकडे घरं. ४ आणि ५ च्या मधली निळी पट्टी, जी आम्ही 'सोपं, सरळ' म्हणून आखली होती, ती त्यांच्या शाळेची वाट. अंगारमोती मातेला लोकांनी पाण्याबाहेर आणून बसवलं, तिला भेटायला ते दर वर्षी जातात. काठावरूनच. पाण्यात कधी गेले नाहीत.

मी म्हटलं, आपण वाट बदलू, ६ कडून जाऊ. भाचा माझ्याकडे बघतच राहिला. ६ कडून गेलं तर दीड तास जास्त. खरं सांगायचं तर मला त्या निळ्या पट्टीवरून वल्हं मारायची लाज वाटत होती, आणि ती लाज काकांच्या नावावर खपवायचा माझा प्रयत्न होता. त्यांनी ते ओळखलं असावं.

"क्यों? बीच से ही जाओ," ते म्हणाले. चहा संपवला. कप खाली ठेवला, पण उठले नाहीत. अंगणात जाऊन कयाक हाताने दाबून पाहिली. ट्रकची ट्यूब तपासतात तशी.

"इसमें कितना वजन चलता है?"

भाच्याने सांगितलं, दोघांचं मिळून एकशे साठ किलो. काकांनी मनात बेरीज केली.

"मैं अड़सठ का हूँ," ते म्हणाले. "घुटना मोड़ना पड़ेगा क्या?"

भाच्याने वहीत लिहिलं: मोठी कयाक, पुढे काका, ६८. त्यांच्यासाठी पाठीला उशी. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, मग छोटी तुला एकटीला."