दोन विहिरी, एक पोहरा

एखाद्या परसांत दोन विहिरी असाव्या, दोहोंना बारमाही पाणी असावें, आणि दोर, पोहरा व रहाट मात्र पहिल्याच विहिरीवर असावे, तर त्या घराला पाण्याची ददात नाहीं असें म्हणावें काय? आमच्या बोलींत विहिरीला बाव म्हणतात. तेव्हां मिठबावच्या माणसाला हीच उपमा आधीं सुचली, तर वाचकांनीं नवल मानूं नये. प्रसंग मात्र विहिरीचा नसून आमच्या घरच्या संगणकाचा आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' ची सर्वसाधारण डागडुजी थांबविली. पुढच्या आवृत्तीच्या अटींत आमचें जुनें यंत्र बसेना. म्हणून आम्हीं त्यांत दुसरी हार्ड डिस्क बसवून तिच्यावर लिनक्स घातलें. वडिलांचीं पत्रें, हापूसच्या कलमांचे वर्षानुवर्षांचे हिशेब, घरच्या लग्नमुंजींचीं छायाचित्रें, सारें या नव्या डिस्कवर राहावयास गेलें. यंत्र सुरू होतांना दोहोंपैकीं कोणती प्रणाली हवी हें विचारणारी यादी पडद्यावर येई, आणि एका छपराखालीं दोन संसार सुखानें नांदत. पुढें पहिली डिस्क म्हातारपणीं कुरकुरूं लागली. मुंबईच्या भाच्यानें फोनवर धीर दिला, "मामा, तुमचं सगळं दुसरीवर आहे ना? मग पहिली गेली तरी काय बिघडलं?"

बिघडतें तें असें. 'बूट' या संज्ञेचें मूळ, स्वतःच्याच बुटाच्या पट्ट्याला धरून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य करामतींत आहे. निजलेल्या यंत्राला डिस्कवर काय आहे याची वार्ता नसते. त्याच्या मुख्य फळ्यावरील छोटी आज्ञावली ठराविक जागीं प्रारंभाची आज्ञा शोधते. जुन्या बायोसच्या पद्धतींत ती डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या खणांत असे, आणि त्यांतहि तिच्या वांट्याला अवघे ४४६ बाइट येत. नव्या यूईएफआय पद्धतींत तिच्यासाठीं फॅट३२ घडणीचा एक लहानसा स्वतंत्र विभाग असतो. लिनक्स बसविणाऱ्या आज्ञावलीनें तसा विभाग पहिल्या डिस्कवर आधींच आहे असें पाहिलें, आणि आपला पोहरा तेथेंच टांगला! पहिली डिस्क गेली तर पत्रें नष्ट होणार नव्हतीं. पण यंत्र उठणार नव्हतें, आणि जाणता माणूस गांठावयाचा म्हणजे देवगड नाहीं तर कणकवलीची वाट धरावयाची.

आम्हीं आधीं साऱ्या कागदपत्रांची प्रत निराळ्या डिस्कवर काढली. मग दुसऱ्या डिस्कच्या मोकळ्या जागेंत ५१२ मेगाबाइटांचा विभाग पाडून त्याला फॅट३२ ची घडण आणि 'ईएफआय' ची खूण दिली; लिनक्सच्या 'एफस्टॅब' नामक यादींत जुन्या विभागाऐवजीं नव्याची ओळख लिहिली; आणि 'ग्रब' हा प्रारंभक तेथें नव्यानें बसविला. त्याची एक प्रत 'ईएफआय' मधील 'बूट' या कप्प्यांत 'बूटएक्स६४' या नांवानेंहि ठेवली. मुख्य फळ्याच्या स्मरणांतून प्रारंभकाची नोंद पुसली गेली, तरी यंत्र या ठरलेल्या जागीं पाहतें.

परीक्षा मात्र एकच. यंत्र बंद करून, वीज तोडून, पहिल्या डिस्कची तार काढावयाची आणि कळ दाबावयाची. आम्हीं ती दाबली तेव्हां मागें उभी असलेली मंडळी चिडीचूप होती. लिनक्स उठलें; वडिलांचें अक्षर पडद्यावर आलें.

संग्रह असणें निराळें आणि स्वतःच्या पायांवर उभें राहतां येणें निराळें. पुष्कळ घरांत सातबारा, विमा, बँकेचीं पुस्तकें सारें जेथल्या तेथें असतें. पण तें 'जेथें' कोठें, हें एकट्या कर्त्यालाच ठाऊक असतें, आणि इतरांना त्याची उणीव तो गेल्यावरच कळते. त्यापेक्षां कर्ता धडधाकट आहे तोंच एक दिवस त्याला ओटीवर स्वस्थ बसवावें, आणि त्याच्यावांचून घर चालवून पाहावें.