सद्गुणांचे मोजमाप

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातील महाळुंगे गावाच्या परिसरात आज शेतांच्या शेजारीच कारखाने उभे आहेत. तेथे यंत्रावर तयार झालेला सुटा भाग, ज्याला कारागीर ‘जॉब’ म्हणतात, तो मापून पाहिल्यावाचून पुढे जात नाही. मायक्रोमीटर नावाच्या साधनाने एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका फरकही उघडकीस येतो. माप जुळले तर जॉब पुढे जातो. न जुळले तर बाजूला पडतो. तेथे अंदाजाला थारा नाही आणि बढाईलाही नाही.

मुलाची उंची भिंतीवर रेघ ओढून मोजता येते, वजन काट्यावर कळते, अभ्यासाची प्रगती गुणपत्रिकेत दिसते. परंतु मनुष्य गतवर्षीपेक्षा अधिक चांगला झाला की नाही, हे कोणत्या मापाने ठरवावे? राग आवरण्याचा निश्चय केलेला एखादा मुलगा दहा दिवसांनी धाकट्या भावावर पुन्हा ओरडतो आणि ‘आपल्याच्याने हे व्हावयाचे नाही’ असे म्हणून निश्चयच सोडून देतो. दुसरा एखादा दोन दिवस खरे बोलतो आणि लगेच स्वतःस हरिश्चंद्र समजू लागतो. पहिल्याला झालेली प्रगती दिसत नाही. दुसऱ्याला न झालेली दिसते. माप ठाऊक नसल्यामुळे नुकसान मात्र दोघांचेही होते.

या प्रश्नाचा सविस्तर विचार सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात झाला. केरोनिया नावाच्या एका लहानशा नगरात इ. स. ४६ च्या सुमारास प्लूटार्क हा विचारवंत जन्मला. थोर ग्रीक व रोमन पुरुषांचा चरित्रकार म्हणून तो विख्यात आहे. सद्गुणातील आपली प्रगती आपणच कशी ओळखावी, या विषयावर त्याने एक स्वतंत्र निबंध लिहिला आहे.

त्या काळी ग्रीसमध्ये स्टोइक नावाचा एक करारी तत्त्वज्ञांचा पंथ होता. मनुष्य एकतर पूर्ण सद्गुणी असतो, नाहीतर नसतो. अधली पायरी नाही, असे ते मानीत. पाण्याखाली हातभर बुडालेला काय आणि ५०० वाव खोल बुडालेला काय, दोघांचाही श्वास कोंडतोच, असा त्यांचा दृष्टांत होता. प्लूटार्कला हे पटले नाही. ताप उतरू लागला की रोग्याला थोडी थोडी हुशारी वाटते. गायन शिकणाऱ्याचा सूर हळूहळू स्थिर होतो. मग सद्गुणाच्या मार्गावरच पायऱ्या नसाव्यात, हे कसे? पायऱ्या आहेत आणि त्या ओळखण्याच्या खुणाही आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

पहिली खूण सातत्याची. भर समुद्रात असलेल्या खलाशाला किनारा दिसत नाही. तरी किती वेळ गेला आणि वारा किती जोराचा होता, यावरून तो कापलेल्या अंतराचा अदमास बांधतो. सद्गुणाचेही तसेच आहे. प्रवासात खंड पडणे नवल नाही. परंतु ते खंड पूर्वीपेक्षा कमी झाले काय, हे पाहावे. पूर्वी रोज येणारा राग आता आठवड्याने येत असेल, दिवसभर टिकणारा रुसवा घटकेत विरत असेल, तर नाव पुढे चालली आहे. निश्चय मोडणाऱ्या मुलाने हीच खूण ध्यानी धरावी. त्याचे दहा दिवस वाया गेलेले नसतात. ते प्रवासाच्या हिशेबात जमाच असतात.

दुसरी खूण नम्रतेची. पोचट कणीस ताठ उभे राहते आणि दाण्यांनी भरलेले जमिनीकडे लवते, हा शेतातला अनुभव प्लूटार्कनेही सांगितला आहे. मावळातील भाताच्या लोंब्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तो निराळा समजावून द्यावयास नको. मेनेडेमस या तत्त्वज्ञाचे एक निरीक्षणही त्याने दिले आहे. अथेन्सला शिकावयास येणारे लोक प्रथम स्वतःस ज्ञानी समजत. पुढे जसजसे शिकत, तसतसे स्वतःस साधी माणसे समजू लागत. दोन दिवसांच्या हरिश्चंद्राने आपले कणीस भरले आहे की पोचट आहे, ते येथे तपासून पाहावे.

तिसरी खूण म्हणजे दोष दाखविणाऱ्याविषयी वाटणारी भावना. डायोजिनीस या तत्त्वज्ञाने एका तरुणाला दारूच्या गुत्त्यात पाहिले. तरुण लाजून आत आत सरकू लागला. तेव्हा डायोजिनीसने त्याला बजावले की, जितका आत पळशील तितका गुत्त्यातच अधिक शिरशील. दोष लपविणाऱ्याची स्थिती अशीच होते. वडीलधाऱ्यांनी चूक दाखविली असता जो उत्तर देण्याऐवजी ऐकून घेतो, तो गुत्त्याच्या दाराबाहेर पडू लागला आहे असे समजावे.

चौथी खूण दुसऱ्याचा मोठेपणा पाहून मनात काय उमटते, यावरून कळते. इ. स. पूर्व ४९० मध्ये मॅरेथॉनच्या रणांगणावर मिल्टिआडीसने विजय मिळविला, तेव्हा तरुण थेमिस्टोक्लीसला त्या कीर्तीने झोप येईना. आपणही तसे काही करावे, ही ओढ त्याला लागली. मत्सराची जागा अशा ओढीने घेतली की प्रगती झाली, असे प्लूटार्क म्हणतो.

या खुणेचे उदाहरण शोधावयास ग्रीसला जाण्याचे कारण नाही. महाळुंग्याहून इंद्रायणीकाठचे देहू फार दूर नाही. सतराव्या शतकात तेथे तुकाराम महाराज अभंगरचना करीत असता वाघोलीच्या रामेश्वर भट्टांनी त्यांना कडवा विरोध केला. त्या विरोधापायी अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, असे परंपरा सांगते. पण तेच रामेश्वर भट्ट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले. आज घरोघरी म्हटली जाणारी तुकोबांची आरती त्यांचीच रचना मानली जाते. विरोध करणाऱ्या हाताने आरती लिहावी, यापरते प्रगतीचे स्पष्ट चिन्ह कोणते?

पाचवी खूण सर्वांत अवघड आहे. चांगले कृत्य करून ते सांगण्याची इच्छा न होणे, ही ती खूण. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत एक साधा प्रसंग दिला आहे. त्यांनी उत्तम आंबा चिरून पतीपुढे ठेवला. रानड्यांनी एकदोन फोडी खाल्ल्या आणि हात आवरला. आंबा आवडला नाही काय, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा कळले की आंबा गोड होता म्हणूनच ते थांबले होते. जिभेला ताब्यात ठेवण्याचा तो अभ्यास होता. विचारले नसते तर तो अभ्यास कोणास कळलाही नसता. मोठ्या न्यायासनावर बसणारा पुरुष आंब्याच्या फोडीशी स्वतःची परीक्षा घेत होता, आणि परीक्षक व परीक्षार्थी तोच होता.

येथेच प्लूटार्कची शेवटची खूण जुळते. कुंपणाची भिंत रचणारा हाती येईल तो दगड बसवितो. मंदिराचा पाया घालणारा लहानसा दगडही पारखून घेतो. ज्याला आपले जीवन मंदिरासारखे उभारावयाचे आहे, त्याला ‘एवढ्याशा खोट्याने काय बिघडते?’ असे म्हणवत नाही.

कारखान्यातील माप एका जॉबची दुसऱ्याशी तुलना करीत नाही. प्रत्येक जॉब ठरलेल्या आकृतीशी पडताळून पाहिला जातो. सद्गुणांचे मोजमापही शेजाऱ्याशी तुलना करण्यासाठी नाही. कालचा आपण आणि आजचा आपण, एवढ्यांतच ते करावयाचे असते. रात्री अंथरुणावर पडल्यावर घटकाभर ते केले, तर फरक शंभराव्या भागाइतका का असेना, दिसल्यावाचून राहणार नाही. आणि तेवढा फरक दुसरा दिवस उमेदीने आरंभण्यास पुरेसा असतो.