नाक्याबाहेरचं बोरगाव

वर्धा स्टेशनवर उतरून ऑटोवाल्याला "बोरगाव मेघे" सांगितलं. शहर संपण्याची वाट बघत मी बाहेर पाहत होतो. दुकानं, घरं, पुन्हा दुकानं. मधे ना शेत आलं ना ओसाड जागा. तेवढ्यात तो म्हणाला, "उतरा भाऊ, आलं बोरगाव."

तर्री-पोह्याच्या टपरीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "काकाजी, बोरगाव हे गाव म्हणायचं की शहर?"

"बजार वर्ध्याचा, कालेज वर्ध्याचं," ते म्हणाले, "पन घरटॅक्स पंचायतीत भरतो. आता तुमीच सांगा."

जनगणना बोरगावला शहरी वस्तीत धरते. लोकसंख्या पाच हजारांच्या वर, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं आणि कामकरी पुरुषांपैकी पाऊण तरी शेतीबाहेर, अशी तिची कसोटी आहे. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. शेजारचं सिंदी मेघे, पिपरी मेघे यांचीही हीच तऱ्हा. वर्धा जिल्ह्यात गावाच्या नावापाठी 'मेघे'सारखं आडनाव दिसलं की मालगुजारीचा काळ आठवावा. सारा गोळा करणारा आणि गावाचा मालक मानला जाणारा मालगुजार इथे 1951 पर्यंत कायद्यानं होता.

पोहे संपवून मी वर्ध्याकडे पायी निघालो. मला नगरपालिकेचा उगम शोधायचा होता, आणि तो शहराबाहेरून आत येतानाच नीट समजतो असं मला वाटतं.

वर्धा हे जुनं गाव नव्हे. नागपूरपासून 1862 साली वेगळा जिल्हा निघाला, तेव्हा कचेरी पुलगावजवळच्या कवठ्याला होती. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी 1866 साली आखून हे शहर वसवलं आणि नाव नदीचं दिलं. पुढच्याच वर्षी मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला पोहोचली. अमेरिकेतल्या यादवीनं कापसाला सोन्याचे दिवस दाखवले होते, आणि हिंगणघाटचा कापूस तर विलायतेत नावानं ओळखला जाई. रेल्वे, कापूस आणि कचेरी या तिन्हींच्या जोरावर वर्धा वाढलं. 1874 साली, म्हणजे वसल्यापासून आठच वर्षांत, इथे नगरपालिका आली.

या सालापाशी मला थांबावंसं वाटतं. स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगताना आपण सगळे लॉर्ड रिपनच्या 1882 च्या ठरावापासून सुरुवात करतो. पण वर्धा ज्यात होतं त्या मध्य प्रांताचा नगरपालिका कायदा 1873 चा. त्या सुमारास इतर प्रांतांतही असे कायदे झाले, त्यांत निवडणुकीला जागाही ठेवली होती. तरी रिपनच्या आधी लोकांनी सभासद निवडण्याची रीत सर्वत्र आणि यशस्वीपणे रुजली ती एकट्या मध्य प्रांतातच, हे खुद्द इंग्रज सरकारनंच नोंदवून ठेवलं आहे. पुण्या-मुंबईच्या इतिहासात या भागाचा हा मान हरवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही निवडणूक मूठभरांची होती, हेही तितकंच खरं. मत होतं ते घरदार असणाऱ्यांना आणि कर भरणाऱ्यांना. डेप्युटी कमिशनरचा हात वर असे. दिवाबत्ती, झाडलोट, पाणी हे काम, आणि त्यासाठी मुख्य पैसा जकातीचा. आर्वी नाक्यावर चहा घेताना ध्यानात आलं की आपण 'नाका' म्हणतो तो या जकातीमुळेच. गाडी अडवायची, माल मोजायचा, पैसे घ्यायचे. नाक्याच्या आत शहर, बाहेर खेडं. नगरपरिषदांची जकात 1999 साली उठली, शब्द राहिला.

मग नाक्याबाहेरच्या बोरगावासारख्या खेड्यांचं काय? त्यांच्यासाठी 1883 चा कायदा होता. गावांचे गट पाडायचे आणि त्या गावांच्या मुकद्दमांनी (गावप्रमुखांनी) लोकल बोर्डावर माणूस निवडायचा. लोकल बोर्डातून मग डिस्ट्रिक्ट कौन्सिल. म्हणजे गावाच्या वतीनं मत मुकद्दमाचं. नांगर धरणाऱ्याला, सूत कातणाऱ्या बाईला, गावकुसाबाहेरच्या माणसाला या व्यवस्थेत जागाच नव्हती.

याच हद्दीवर 1935 साली एक वेगळं काम झालं. गांधीजी तेव्हा वर्ध्यातल्या मगनवाडीत राहत. तिथली मंडळी रोज सकाळी शहराला लागून असलेल्या सिंदी गावात जाऊन रस्त्यावरची घाण उचलत. गांधीजींच्या शिष्या मीराबेन तर पुढे तिथे राहायलाच गेल्या. त्याआधी 1928 साली जमनालाल बजाजांनी वर्ध्यातलं आपलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं केलं होतं. नगरपालिकेच्या पहिल्या अर्धशतकात मताच्या हक्कानं जे झालं नाही, त्याची सुरुवात अशा कामांनी झाली, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यांना मत मिळालं ते स्वातंत्र्यानंतर. 1951 साली मालगुजारी गेली आणि त्याच हिवाळ्यात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान सुरू झालं. वर्धा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. कधीकाळी ज्या गावांचं मत एका मुकद्दमाच्या हाती होतं, त्या गावांतल्या बायाबापड्या आता रांगेत उभ्या राहिल्या.

परतताना गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन मी पुन्हा बोरगावला उतरलो. काकाजी टपरीवरच होते. त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नव्हतं, पण मी त्यांच्याकडे एक गोष्ट मागितली, तीच वाचकांकडेही मागतो. वर्ध्यात, बोरगावात, सिंदीत कुणाच्या माळ्यावर, पेटीत नगरपालिकेची जुनी मतदार यादी, जकातीची पावती, लोकल बोर्डाचा कागद असेल, तर तो रद्दीत देऊ नका. आपल्या गावात कुणाला मत होतं आणि कुणाला नव्हतं, हे त्याच कागदावर लिहिलेलं आहे.