पथ्याचें भरीत

मधुमेहाचें पथ्य कठीण जातें तें जिभेमुळें, असें सामान्यतः समजतात. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हांस त्यांतलें खरें दुःख निराळें वाटतें. पंक्तींत सर्वांच्या पानांवर भाताची मूद व बटाट्याची भाजी पडावी, आणि घरांतील वडील माणसापुढें मात्र निराळी वाटी यावी, हा भेद मनाला फार लागतो. आमच्या थोरल्या काकांना डॉक्टरांनीं भात व बटाटा मोजून खाण्यास सांगितलें, तेव्हां आम्हीं असें ठरविलें कीं, पथ्याचा निदान एक पदार्थ सर्वांच्याच पानांत डाव्या बाजूस वाढावयाचा.

निवड दह्यांतल्या भरताची झाली. शंभर ग्रॅम भातांत सुमारें २८ ग्रॅम कर्बोदकें असतात, उकडलेल्या बटाट्यांत सुमारें २०; तितक्याच वांग्यांत अवघीं ६, आणि त्यांतही जवळजवळ निम्मा चोथा. नाशिकच्या थंडींत भरीत रुचतेंही फार. शेजारच्या खानदेशांत तर हिरवीं वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजतात. जळगांवच्या या भरताच्या वांग्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

अर्धा किलो वजनाचें वांगें घ्यावें. त्यास सुरीनें टोंचे मारून, तेलाचा हात लावून, मंद आंचेवर सर्व बाजूंनीं भाजावें. थोडा वेळ झांकून ठेवून साल काढावी, सुटलेलें पाणी चाळणींत निथळूं द्यावें आणि गर हातानें मोडावा. वाटीभर दहीं फडक्यांत दोन तास टांगावें. पाण्याबरोबर दुधांतील थोडी साखरही निघून जाते. गर, दहीं, मीठ, वाटलेली हिरवी मिरची, जिऱ्याची पूड व कोथिंबीर एकत्र करून वरून मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी.

वाद झाला तो साखरेवरून. चिमूटभर साखरेवांचून असलें भरीत पुरें होत नाहीं, असें आमच्या आत्यांचें ठाम मत. त्यावर आम्हीं दोन चमचे भाजलेल्या दाण्यांचें कूट घातलें. आंबटपणा नरमला, आणि आत्यांनीं दुसऱ्यांदा वाढून घेतलें. पोळीऐवजीं काकडीच्या व मुळ्याच्या लांब फोडी भरतांत बुडवून खाव्या. मुलांना हा प्रकार विशेष आवडतो.

मात्र ज्यांस इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत, त्यांनीं भात-पोळी एकाएकीं तोडूं नये. रक्तांतील साखर फार खालीं जाण्याचें भय असतें. १९२१ सालीं इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीं अन्न तोडणें हाच जवळजवळ एकमेव उपचार होता. आज तसें नाहीं. पथ्य व औषध यांचा मेळ डॉक्टरांना विचारूनच घालावा.

चातुर्मासांत आमच्याकडे वांगें वर्ज्य. तेव्हां कोवळा दुधी वाफवून, पिळून, याच रीतीनें भरीत करतों. दुधीची कच्ची फोड आधीं चाखावी. कडू लागल्यास तो टाकून द्यावा, कारण कडू दुधी विषारी असतो. पुढें मार्गशीर्षांत चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो आणि वांगें पुन्हां घरांत येतें. त्या दिवशीं काकांच्या पानांत रोडगा अर्धाच पडतो. भरीत मात्र हवें तितकें.